आधी खालच्या वाडीचा चर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं की लोकांना वाटतं मी आईवडिलांचं नाव घेईन. ते तर आहेतच, ते धरून चालायचं. पण त्यांच्यानंतर मी लगेच कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंचं नाव घेतो. कर्जतच्या आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल त्यांच्याकडे होतं. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. त्या रोज खोपोलीहून यायच्या, येताना पिशवीत घरची चिरलेली भाजी असायची, आणि दुपारी काम नसलं तर टेबलाखाली पायातल्या चपला काढून त्या वाटाणे सोलत बसायच्या. आम्ही मुलं खिडकीशी उभे राहिलो की मान वर न करता म्हणायच्या, "बोल. तुझं काय अडलंय?" अडल्याशिवाय तिथे कोणी येत नसे.

आमचं घर कळंबच्या पुढे. बौद्धवाडा गावाच्या कडेला आहे. वडील दुसऱ्यांची शेती वाट्याने करतात, आई शनिवार-रविवार एका फार्महाउसवर स्वयंपाकाला जाते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावी झालं नव्हतं, त्यामुळे कॉलेज म्हणजे नक्की काय करायचं असतं हे सांगायला कोणी नव्हतं. शिष्यवृत्ती असते, एवढं माहीत होतं. ती दोन तुकड्यांत येते हे कॉलेजात गेल्यावर कळलं. एक हिस्सा दिल्लीच्या सरकारचा, एक मुंबईच्या. दोन्ही वेगळ्या वाटेने निघतात आणि आपापल्या सवडीने पोचतात. वडिलांना हे फार आवडलं होतं. ते शेजाऱ्यांना सांगायचे, "दोन सरकारं मिळून आमचं एक पोरगं शिकवतायत. बघा, किती अवघड हाय त्यो."

बाईंचं म्हणणं वेगळं होतं. एक हिस्सा आला आणि दुसरा आला नाही की त्या म्हणायच्या, "एक चप्पल आली रे. दुसरी वाटेत आहे. तोवर लंगडी घाल."

तिसऱ्या वर्षी माझी दुसरी चप्पल फारच लांबली. राज्याचा हिस्सा आला होता. दिल्लीचा बँकेच्या कसल्याशा जोडणीत अडकला होता. फी पूर्ण भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज पुढे जाणार नाही, असा नियम. मी घरी काही बोललो नाही. खिडकीशी गेलो, तेव्हा बाईंनी वाटाणे बाजूला ठेवले, चपला घातल्या आणि मला घेऊन सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "हिस्से दोन आहेत, पण पोरगं एकच आहे. अर्धा आलाय म्हणून अर्धं पोरगं परीक्षेला बसवता येईल का?"

प्राचार्य आधी माझ्याकडे बघत राहिले, बहुतेक कुठून अर्धं करायचं ते बघत असावेत, आणि मग हसले. सही झाली. दिल्लीचा हिस्सा परीक्षा संपल्यावर आला. मी पास झालो. आमच्या वाड्यातला पहिला पदवीधर म्हणून विहारात माझ्या गळ्यात हार घातला, तेव्हा मला प्राचार्यांची ती खोली आठवत होती.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढे मला जी नोकरी मिळाली ती याच दोन हिश्श्यांची निघाली.

पंचायत समितीत पाणीपुरवठ्याच्या कामावर मी कंत्राटी समन्वयक आहे. गावोगावी, वाडीवाडीत घरापर्यंत नळ पोचवायची जी योजना चालू आहे, तिच्यात निम्मे पैसे केंद्र देतं, निम्मे राज्य. त्याशिवाय लोकांचाही थोडा हिस्सा लागतो. तो डोंगरातल्या वाड्यांनी श्रमदानातून दिला तरी चालतो. बहुतेक ठिकाणी श्रमदान म्हणजे पाइपासाठी चर खणणं. लोकांचा हिस्सा दिसला की राज्याचा सुटतो, राज्याचा सुटला की दिल्लीचा पुढचा हप्ता. निदान कागदावर असा क्रम आहे. माझं काम वाडीवर जाऊन तो क्रम समजावून सांगायचं.

कोंडाण्याच्या बाजूला डोंगरात ठाकर समाजाच्या दोन वाड्या आहेत. एक खालची, जिथपर्यंत टेंपो जातो. एक वरची, जिथे पायवाटेने चढून जावं लागतं. मध्ये एक ओहोळ आहे आणि त्या ओहोळावरून दोन ग्रामपंचायतींची हद्द जाते. म्हणून विहीर एकच असली, नाती एकमेकांत असली, तरी योजना दोन, फायली दोन. वरच्या वाडीच्या पाणी समितीची अध्यक्ष एक बाई होती. मी तिला काकी म्हणायचो, सगळेच म्हणायचे. तिची लेक खालच्या वाडीत दिलेली.

वरच्या वाडीत एक जुनी सिमेंटची टाकी आहे. कधीतरी मागच्या कुठल्या योजनेत बांधली गेली आणि तिच्यात पाणी कधीच आलं नाही. पोरांनी तिच्यावर कोळशाने क्रिकेटच्या स्टंपा काढल्या आहेत. त्या टाकीमुळे नव्या योजनेसाठी वाडी तयारच नव्हती. "आनखी एक टाकी बांधा," लोक म्हणायचे, "पोरांना दुसऱ्या बाजूला बी स्टंपा होतील." काकीने घरोघर फिरून त्यांना तयार केलं. या उन्हाळ्यात पाणी आलं नाही तर मला काय ते बोला, असा शब्द तिने दिला होता. बायका उन्हाळ्यात ओहोळाच्याही खाली झऱ्यावर उतरायच्या, आणि त्यात तिची सूनही होती. तिला दिवस गेले होते.

मार्च सुरू झाल्यावर एका सकाळी ऑफिसातून फोन आला. परवा संयुक्त पाहणी. दिल्लीहून एक साहेब, मंत्रालयातून एक साहेब, दोघं मिळून दोन्ही वाड्या बघणार. जिथे लोकांचा हिस्सा झालेला दिसेल तिथला पुढचा हप्ता सुटेल. जिथे दिसणार नाही, ती वाडी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात.

मी निश्चिंत होतो. काकीने मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं होतं, चर झाला म्हणून. तरी एकदा बघून यावं म्हणून निघालो. खालच्या वाडीत चर बघितला. विहिरीपासून शेवटच्या घरापर्यंत सरळ, काठावर माती नीट रचलेली. काही भाग तर पाइप टाकून बुजवूनही झाला होता. खूश होऊन वर चढलो. वर काही नव्हतं. चुन्याने आखलेली रेघ होती, तिच्यावरून कोंबड्या फिरत होत्या.

काकी अंगणात नाचणी पाखडत होती.

"काकी, चर कुठाय?"

"खाली."

"खालचा बघितला मी येताना. तुमचा कुठाय?"

"त्योच. आमीच खनला."

"पण तो त्यांच्या वाडीचा."

"हां. त्यांचा आमी खनला, आमचा ते खनतील. सावड हाय ना रं."

मी ओट्यावर बसलो. सावड मला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडेही भातलावणी सावडीनेच होते. आज सगळे मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. मजुरीचा विषय नाही, हिशेब लिहायचा नाही. कोणाचं आधी, हे ज्याचा राब, म्हणजे भाताची रोपं, आधी तयार होतो त्यावर ठरतं. या लोकांनी भाताचा नियम पाइपाला लावला होता. दोन्ही वाड्यांची माणसं मिळून खणत होती, आणि आधी नंबर खालच्या वाडीचा लावला होता.

"पण आधी त्यांचा का?"

"त्यांच्यात लगीन हाय उद्या. मांडवाच्या दारात चर उघडा कसा ठेवायचा? आधी खनून बुजवला, नायतर नवरी पडंल त्यात."

शेजारी एक म्हातारा विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "नवरी कशाला पडंल? नवराच पडंल, वरातीच्या टायमाला."

सगळे हसले. मला हसू येईना. मी परवाच्या पाहणीचं सांगितलं.

"येऊ दे की," काकी म्हणाली. "च्या ठेवू."

"काकी, ते दोन्ही वाड्यांना वेगवेगळे गुण देणार. खालच्या वाडीचं काम दिसेल, तुमचं दिसणार नाही. तुमचा घाम त्यांच्या फायलीत गेलाय."

"मंग काय व्हईल?"

"पुढच्या वर्षी टाकतील."

काकीचं सूप थांबलं. आत चुलीजवळ सून होती, ती दारात येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याने विडी विझवली. कोणी त्या टाकीकडे बघितलं नाही, पण मला कळत होतं सगळ्यांच्या डोक्यात तीच आहे.

"शब्द मी दिलाय," काकी एवढंच म्हणाली, आणि परत पाखडायला लागली.

दुपारी ऑफिसात पोचलो. आमचे उपअभियंता साहेब घाटावरचे, निवृत्तीला आलेले, ओरडणारे नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अरे, मला समजतंय. पण मोजमाप पुस्तकात वाडीचं नाव असतं. दोन ग्रामपंचायती, दोन कामं. खालच्या वाडीचं श्रमदान मी वरच्या वाडीच्या नावावर कसं लिहू?"

ठेकेदाराचा माणूस तिथेच बसला होता. तो म्हणाला, "साहेब, छोटी मशीन पाठवतो. उद्या लावली की संध्याकाळपर्यंत चर तयार. श्रमदान म्हणून दाखवा. मातीवर नाव लिहिलेलं असतंय का?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण वाडीचा हप्ता सुटावा असंही वाटत होतं. शेवटी म्हणाले, "वाडीला विचार."

वरच्या वाडीत नेटवर्क फक्त त्या जुन्या टाकीवर चढलं की येतं. तिचा तेवढाच एक उपयोग. काकीचा मुलगा वर चढून फोन धरून बसायचा आणि खालून काकी ओरडून बोलायची.

"मशीन नको," मी ऑफिसातून फोन लावून विचारल्यावर टाकीखालून आवाज आला.

"का?"

"मशीननं आमचा चर खनला, मंग खालच्यांनी सावड फेडायची कुठं? त्यांच्या मानेवर तशीच ऱ्हाईल. लेक दिलीय मी तिथं. आन् जे आमी खनलं नाय ते आमी खनलं म्हनून सांगायचं, ते बी नको." मग जरा थांबून म्हणाली, "आन् मशीन वर आननार कशी रं? तुज्या पाठीवर?"

साहेबांना ऐकू गेलं. ते हसले आणि ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, "ठेवा तुमची मशीन."

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला गेलो. आमंत्रण होतंच, पण लोकांच्या मांडवात कामाचं बोलायला जाणं मला बरं वाटत नव्हतं. बेंजो वाजत होता. नवऱ्याचा बाप म्हणजे काकीचा व्याही. काकीच्या लेकीचा धाकटा दीर नवरा होता. व्याहीबुवा नवीन टोपी घालून, सगळ्यांना पंगतीत बसवत फिरत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं.

"मांडवात काम काढतोस व्हय रं?"

"आजचं नाय. उद्या सकाळचं."

"उद्या सत्यनारायन हाय." ते टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले. मग जवळच्या दोघांना हाक मारली. तिघांचं काहीतरी बोलणं झालं. परत येऊन म्हणाले, "पूजा परवा घेऊ. देव काय फाईल बंद करत नाय. तू जेव आधी."

मी जेवलो. पण मनात धाकधूक होतीच. लग्नघर, रात्रभराची वरात, सकाळी कोण उठून डोंगर चढणार?

पाहणीच्या दिवशी सकाळी मी तालुक्याहून जीपमध्ये आमच्या उपअभियंता साहेबांबरोबर मागे बसलो. पुढे दिल्लीचे साहेब. ते वयाने तरुण, डोंगरी भागातलेच, उत्तरेकडचे. शेजारी मंत्रालयातले साहेब, मराठवाड्यातले. दोघं एकमेकांशी फार अदबीने भांडत होते.

"राज्याने आपला हिस्सा आधी दाखवायला पाहिजे, असं तुमचं पत्र आहे," मंत्रालयातले साहेब म्हणाले, "आणि तुमचा हप्ता आल्याशिवाय आमचं वित्त खातं पैसे सोडत नाही."

दिल्लीचे साहेब हसून म्हणाले, "सर, हमारे यहाँ भी यही पूछते हैं, पहले राज्य ने डाला क्या?"

"मग दोघं थांबतो आपण."

"जी, दोनों रुके हैं."

मला राग आला नाही. दोघंही मनापासून काम करणारे वाटत होते, आणि दोघांच्याही डोक्यावर आपापलं ऑफिस होतं. मला बाईंच्या चपलांची आठवण झाली, एवढंच.

टेंपोच्या रस्त्याशी जीप थांबली. खालच्या वाडीत शुकशुकाट होता. मांडव तसाच उभा, पत्रावळींवर कुत्री. मला वाटलं, सगळे झोपलेत. मांडवापलीकडचा चर साहेबांनी बघितला, मापं घेतली, समाधान झालं. मग आम्ही वर चढायला लागलो.

अर्ध्या चढावर आवाज यायला लागला. कुदळीचा, आणि हसण्याचा.

वर दोन्ही वाड्या जमल्या होत्या. चुन्याच्या रेघेवर माणसं ओळीने उभी, पुरुष खणत होते, बाया घमेली उचलत होत्या. बऱ्याच जणांच्या हाताला हळद होती. काहींचे डोळे लाल होते. पहाटेपासून लागले असावेत, कारण चर निम्म्याहून पुढे गेला होता. व्याहीबुवांच्या डोक्यावर कालचीच नवीन टोपी होती, मातीने तिचा रंग गेला होता. आणि नवरासुद्धा होता, कुदळ घेऊन.

एक बाई म्हणाली, "त्याला हळू खनू दे गं. दमला बिमला तर नवरी आमच्या नावानं बोटं मोडंल."

"नवरी बी हाय," दुसरी म्हणाली. "ती बघ, घमेलं घेऊन. पयल्याच दिवशी सासू कामाला लावते."

मंत्रालयातले साहेब बघत उभे राहिले. मग मला विचारलं, "ही माणसं खालच्या वाडीतली ना? लग्नाची?"

मी सगळं सांगितलं. सावड, मांडवाच्या दारातला चर, आधी कोणाचा, नंतर कोणाचा. मराठीत सांगितलं, मग हिंदीत. माझं हिंदी मुंबईचं आहे, पण कळलं त्यांना.

"आमच्याकडे इर्जिक असते," मंत्रालयातले साहेब म्हणाले. "लहानपणी वडिलांबरोबर जायचो. पण इर्जिकीत जेवण असतं बरं का."

"जेवान हाय की," काकी म्हणाली. "कालचं लग्नाचं लय उरलंय."

दिल्लीचे साहेब काकीला म्हणाले, "और अगर ये लोग आज न आते तो?"

मी मराठीत सांगितलं. काकीला प्रश्नच विचित्र वाटला. तिने पदराने तोंड पुसलं.

"न येतील कशे? जूनला त्यांचं भात लावायला आमी लागतोच ना. आन् आमचं लावायला ते."

मी तेही हिंदीत सांगितल्यावर दिल्लीच्या साहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, "हमारे गाँव में भी होता है ये. नाम दूसरा है." त्यांचा फोटोवाला पुढे आला. दोन्ही साहेबांनी एकेक घमेलं धरून फोटो काढावा, असं ठरलं. फोटो झाला. ते घमेलं खाली ठेवणार तेवढ्यात काकी म्हणाली, "फोटो झाला तरी धरा जरा. माती अजून तितंच हाय."

दोघांनी धरलं. ओळीत उभं राहून बरीच घमेली पुढे दिली. मंत्रालयातल्या साहेबांना सवय दिसत होती. दिल्लीचे साहेबही कमी नव्हते.

मग सावलीत बसून कागद निघाले, आणि अडचण तिथेच होती. चर अजून पूर्ण नव्हता. नियमाने वरच्या वाडीचा हिस्सा कमीच पडत होता. आमचे उपअभियंता साहेब मोजमाप पुस्तक घेऊन बसले होते, पेन उघडं. मी त्यांच्या मागे उभा होतो. मला बोलायचा अधिकार नव्हता. पण तोंडातून निघून गेलं, "साहेब, फायली दोन आहेत, पण खणणारे हात तेच आहेत. अर्धे हात या वाडीचे, अर्धे त्या वाडीचे, असं मोजता येईल का?"

मग आमच्या साहेबांनीच रस्ता काढला. दोन्ही वाड्यांचा चर एकत्र मोजायचा, आणि दोघांचं श्रमदान म्हणून दोन्ही फायलींत सारखं वाटायचं. तसं एकत्र केलं की दोघांचाही हिस्सा भरत होता, आणि वर जास्तीचा होता. प्रश्न एवढाच होता, की यावर दोन्ही साहेबांची सही लागणार होती. एकट्या दिल्लीचीही चालली नसती, एकट्या मुंबईचीही.

"करूया," मंत्रालयातले साहेब म्हणाले. आणि सही करता करता दिल्लीच्या साहेबांना म्हणाले, "आणि ऐका. या खेपेला आमचं आधी. मी वित्त खात्याशी बोलतो. तुम्ही जाऊन लगेच पाठवा."

"अगली बार हमारा पहले," दिल्लीचे साहेब म्हणाले, आणि खाली सही केली.

जेवताना व्याहीबुवा माझ्या शेजारी बसले होते. कालचाच भात फोडणीला टाकला होता, जिलबीही उरलेली. ते हळूच म्हणाले, "तुजे साहेब चांगले हायत रं. पन फेडतील का एकमेकांची?"

"फेडतील," मी म्हणालो. मला तसं खरंच वाटत होतं. एप्रिलच्या आत राज्याचा हिस्सा आला. दिल्लीचा थोडा उशिरा, पण आला. सत्यनारायणाची पूजा दुसऱ्या दिवशी झाली, तिच्या प्रसादाला मी गेलो नाही, याबद्दल मला अजून बोलणी बसतात.

वरच्या वाडीत पाणी मे महिन्यात आलं. पहिल्यांदा नळाने हवाच सोडली, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ. काकी हंडा लावून बसली होती. हंडा भरला तरी तिने नळ बंद केला नाही, थोडा वेळ तसंच वाहू दिलं. मी "काकी, पाणी वाया जातंय" म्हणणार होतो, पण गप्प बसलो. मग तिनेच बंद केला आणि सुनेला हाक मारली. सून तिच्या बाळाला घेऊन बाहेर आली. काकीने ओंजळभर पाणी त्याच्या पायांवर सोडलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी बाईंना पत्र लिहिलं. त्या निवृत्त होऊन खोपोलीलाच असतात. फोन त्या उचलतात, पण कानाला लावत नाहीत, म्हणून पत्रच बरं.

आदरणीय बाईंना,
सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन करायचं नाही म्हणता असं तुमच्या भाच्याकडून कळलं. तुम्ही इतरांना ओढत नेता, तसं तुम्हाला कोणी न्यायला हवं.

मी बरा आहे. नोकरी अजून कंत्राटीच आहे, पण काम आवडतं. आई फार्महाउसवर जाते, मी नको म्हणतो, ती ऐकत नाही. वडिलांची तब्येत ठीक.

तुम्हाला एक सांगायचं होतं. इथे डोंगरात एक वाडी आहे. तिच्या पाण्याचे दोन हिस्से दोन सरकारांकडून यायचे होते, आणि दोन्हीही अडले होते. त्या वेळी तुम्ही प्राचार्यांच्या खोलीत जे बोलला होतात ते मला आठवलं, आणि तेच मी थोडं बदलून बोललो. माझ्या शब्दांनी काम झालं असं मी म्हणत नाही. काम तिथल्या माणसांनीच केलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उठून. सह्या दोन्ही साहेबांनी केल्या. पण मी गप्प उभा राहिलो नाही, ते तुमच्यामुळे.

दोन्ही चपला आल्या, बाई. आज वाडीत पाणी आलं. पहिलं तांबडं आलं, मग चांगलं.

तिथल्या समितीच्या अध्यक्ष आहेत, त्यांना मी काकी म्हणतो. त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बाईंना घेऊन ये, आमच्या नळाचं पाणी पाजू. मी म्हटलं, त्यांचा गुडघा दुखतो, चढ जमणार नाही. तर म्हणाल्या, पाऊस थांबला की ये, लावणी झालेली असेल, आमची माणसं मोकळी असतील, डोलीतून आणू. आज आमी आनू, पुढं कधी त्या आमाला काही सांगतील. म्हणजे तुमच्याशीही सावड मांडायचा विचार दिसतो.

तर गणपती झाल्यावर एखादा रविवार काढा. मी खोपोलीला सकाळी येईन. टेंपो खालच्या वाडीपर्यंत जातो. येताना घरच्या भाजीची पिशवी आणलीत तर मी धरीन.

तुमचा विद्यार्थी